गाडी जागच्या जागी का फिरते

दोऱ्याच्या रिकाम्या रिळाची गाडी टेबलावर ठेवली, सोडली, आणि ती जागची हलली नाही. तिला लावलेली काडी तेवढी हवेत गरागरा फिरली, रबराचा पीळ संपला आणि सगळं थांबलं. सात-आठ वर्षांच्या त्या मुलीनं गाडी उचलली, काडीकडे निरखून पाहिलं आणि पुन्हा पीळ द्यायला घेतला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या मोठ्या माणसानं, अगदी मायेनंच, म्हटलं, “आण इकडे, मी करून देतो.” दोन मिनिटांत गाडी दुरुस्त झाली आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीसुद्धा. मुलीनं ती जाताना पाहिली, “छान,” म्हणाली आणि उठून निघून गेली. गाडी तिथंच पडून राहिली.

वरवर पाहता यात काहीच वावगं नव्हतं. मदत मनापासूनची होती, गाडी चालली होती, कुणी कुणाला रागावलं नव्हतं. तरी ते “छान” काही केल्या मनातून जाईना. कारण ती मुलगी उत्तराच्या अगदी उंबरठ्यावर होती. रिळाकडे किंवा रबराकडे न बघता ती काडीकडे बघत होती, आणि दोष काडीतच होता. काडी आखूड होती. आणखी एक-दोनदा पीळ देऊन गाडी सोडली असती तर काडीचं टोक जमिनीला टेकतच नाही हे तिला दिसलं असतं, आणि त्या क्षणानंतर गाडी तिची झाली असती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या टाकाऊ वस्तूंतून मुलांकडून काय काय करून घ्यावं, याच्या याद्या भरपूर मिळतात. त्या बहुतेक ‘काय’ सांगतात, थोडंफार ‘कसं’ सांगतात, आणि वस्तू बिघडली तर का बिघडली याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत. माझ्या मते खरी मजा त्या ‘का’मध्ये आहे. म्हणून रिळाच्या गाडीपासूनच सुरुवात करू.

साहित्य अगदी थोडं लागतं: एक रिकामं रीळ, एक रबरबँड, काडेपेटीतली एक वापरलेली काडी, मेणबत्तीचा तुकडा, एक लांब काडी आणि चिकटपट्टी. रबर न ताणता रिळाच्या लांबीएवढं किंवा किंचित कमी भरेल असं निवडायचं. जास्त लांब घेतलं तर ते आत सैल लोंबतं आणि पहिले काही पीळ नुसता ढिलेपणा काढण्यातच वाया जातात. जास्त जाड घेतलं तर ते भोकातच अडकतं. बारीक तारेचा आकडा करून रबर रिळातून ओढून घ्यायचं. एका बाजूनं बाहेर आलेल्या फासात अर्धी मोडलेली काडी घालायची आणि ती रिळाच्या तोंडावर आडवी ठेवून चिकटपट्टीनं पक्की करायची. ही काडी रिळाच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर ती जमिनीवर आपटत राहते आणि गाडी दर फेऱ्याला उसळते. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती. तिच्यातली वात काढली की मधलं भोक आपसूक तयार मिळतं. दात कोरायच्या काडीनं ते जरा मोठं करायचं. चकतीतून रबराचा फास ओवायचा, त्यात आठ-दहा सेंटिमीटरची लांब काडी घालायची आणि तिचं एक टोक बरंच बाहेर राहील अशी सरकवायची. मग वीस-पंचवीस पीळ, आणि गाडी जमिनीवर.

आता ती चालते का? पिळलेलं रबर सुटताना दोन्ही टोकं फिरवू बघतं. एका टोकाला रीळ आहे, दुसऱ्या टोकाला लांब काडी. काडी जमिनीला टेकली की तिला फिरता येत नाही, म्हणून फिरायची पाळी रिळावर येते आणि गाडी पुढे सरकते. काडी आखूड असली, म्हणजे मध्यापासून तिचं टोक रिळाच्या कडेच्या आतच राहिलं, तर तिला अडवायला कुणीच नसतं. ती हलकी, रीळ जड. सगळा पीळ काडीच खाऊन टाकते. लहान काडीवरची चिकटपट्टी सुटली असेल तर रबराचं ते टोक रिळाच्या आत नुसतंच फिरतं आणि रीळ ढिम्म. मेणाची चकती विसरली तर लांब काडी थेट रिळावर घासते. कधी अडकून बसते, कधी एकदम सुटून गाडी उडी मारते. मेण घर्षण कमी करतं, पण पुरतं घालवत नाही, म्हणून पीळ हळूहळू सुटतो आणि गाडी रणगाड्याच्या संथपणानं चालते. गुळगुळीत फरशीवर रीळ जागीच घसरत असेल तर त्याच्या दोन्ही कडांवर एकेक रबर चढवायचं.

पूर्वीच्या लाकडी रिळांना हे सगळं फार सोपं जायचं. ती जड होती, भोक अरुंद होतं, कडा खरखरीत होत्या. आताची प्लास्टिकची रिळं हलकी, निसरडी आणि आतून रुंद पोकळ असतात. त्यामुळे छोटी काडी भोकातच पडते. तिथं आधी पुठ्ठ्याची गोल चकती चिकटवून तिला मधोमध बारीक भोक पाडलं की काम होतं. मेणबत्ती नसेल तर मोठं बटण चालतं, फक्त त्यावर कोरडा साबण चोळायचा.

प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी आहे, हे यातलं मला सगळ्यात आवडतं. काडी फिरते आणि रीळ थांबतं, रीळ फिरतं आणि जागा सोडत नाही, दोन्ही थांबतात, गाडी एका बाजूला वळते: प्रत्येकाचं कारण निराळं आणि प्रत्येक कारण डोळ्यांना दिसणारं. चित्र रंगवलं, डबा सजवला, तर ते झालं की नाही हे शेवटी मोठ्यांच्या चेहऱ्यावर वाचावं लागतं. शोभेच्या वस्तू करू नयेत असं मुळीच म्हणणं नाही. रंगात बुडालेलं मूल पाहणं यासारखं सुख नाही. पण चालणारी, वाजणारी, फिरणारी वस्तू हातात असली की मूल आपल्याकडे बघायचं सोडून वस्तूकडे बघतं. सुट्टीच्या लांबलचक दुपारी मुलाला तासभर असं काही मिळावं, यासाठी मी बाकी सगळ्या हस्तकलेवर पाणी सोडायला तयार आहे.

बिघाडांचं मूळ बहुधा सामानाच्या स्वभावात असतं, आणि तो स्वभाव मुलांना कुणी दाखवत नाही.

खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या आणि त्याची कड डोळ्यांजवळ धरा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी वळवलेला तिसरा कागद दिसतो. ही नागमोड एकाच दिशेनं जाते, म्हणजे पुठ्ठ्याच्या पोटात शेजारी शेजारी अनेक बारीक बोगदे असतात. बोगद्यांच्या दिशेनं पुठ्ठा हाताच्या जोरानंही सरळ मुडपतो. आडव्या दिशेनं तोच पुठ्ठा हट्टीपणा करतो, वाकडीतिकडी घडी पडते आणि वरचा कागद फाटतो. म्हणून आडव्या घडीसाठी आधी रेघ दाबून घ्यायची. त्यासाठी संपलेल्या रिफिलचं बॉलपेन उत्तम. पट्टी धरून दोन-तीनदा जोरानं ओढलं की आतली नागमोड चेपते आणि घडी नेमकी रेघेवर पडते. रेघ घडीच्या आतल्या बाजूला ठेवायची. पुठ्ठ्याचं घर, किल्ला, पूल, काहीही करायचं असेल तर भिंतींचे तुकडे बोगदे उभे येतील असे कापायचे. आडवे कापले तर भिंत जराशा वजनानं बसते. हे मुलाला सांगण्यापेक्षा दोन सारखे तुकडे कापून द्यावेत, एक असा, एक तसा, आणि दोन्ही उभे करून त्यांवर हातानं दाबायला सांगावं. एका तुकड्याचं काय होतं ते पाहिल्यावर मूल यापुढे प्रत्येक खोक्याची कड तपासून बघेल.

वर्तमानपत्राचंही असंच. एका दिशेनं फाडलं की लांब सरळ पट्ट्या निघतात, दुसऱ्या दिशेनं फाडलं की कागद मनाला येईल तिकडे जातो. कागद बनताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेनं लागतात, त्यामुळे हा फरक. कागदी वाडगा करायचा असेल तर सरळ फाटणारी दिशा आधी शोधून बोटभर रुंदीच्या पट्ट्यांचा ढीग करून ठेवावा. कात्रीनं कापू नयेत. फाटलेल्या कडेला तंतूंची झालर असते आणि ती शेजारच्या पट्टीत मिसळून जाते. कापलेली कड वाळल्यावरही तशीच उठून दिसते. खळ मैद्याची. एक वाटी मैदा आधी एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून सतत ढवळत शिजवायचा, मिश्रण किंचित पारदर्शक दिसेपर्यंत. बुरशी लवकर धरू नये म्हणून चमचाभर मीठ. पूर्ण गार झाल्यावरच मुलांच्या हाती.

वाडगा उलटा ठेवून त्यावर पातळ प्लास्टिक ताणून बसवायचं आणि त्यावर पट्ट्या लावत जायचं. यात ठरलेली चूक म्हणजे जास्त खळ. पट्टी खळीत बुडवल्यावर दोन बोटांच्या चिमटीतून ओढून निथळून घेतली नाही तर कागद लिबलिबीत होतो, घसरतो, आणि वाळायला दिवस लावतो. दुसरी चूक म्हणजे उत्साहाच्या भरात एका बैठकीत सात-आठ थर. वरचे थर वाळून कडक होतात, आतले ओलेच राहतात, आणि पुढं त्यांना वास येऊ लागतो. एका वेळी तीन थर पुरे. पहिला थर उभा, दुसरा आडवा. आणि एक थर छापील कागदाचा, पुढचा कोऱ्या कागदाचा असं आलटून पालटून केलं की कुठं झाकायचं राहिलं ते मुलाला लांबूनही कळतं, कुणाला विचारावं लागत नाही. वाळवताना कडक ऊन नको. उन्हात बाहेरची बाजू भराभर आकसते आणि वाडगा पिळवटतो. हवेशीर सावली सगळ्यात चांगली. फुग्यावर थर लावले असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावते, ओला कागद तडकतो किंवा फुगाच फुटतो, आणि कागद अजून मऊ असेल तर सगळा गोळा मटकन खाली बसतो.

फेव्हिकॉलबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. जास्त लावला म्हणजे जास्त चिकटेल हा समज लहानथोर सगळ्यांचा असतो. त्यातलं पाणी उडून गेल्यावर तो धरतो. जाड थरातलं पाणी लवकर उडत नाही, मधल्या काळात पुठ्ठा ते पिऊन फुगतो आणि वाकतो. पातळ थर बोटानं पसरवायचा आणि कपड्यांचे चिमटे लावून दहा-पंधरा मिनिटं जोड सोडून द्यायचा. मुलांना थांबणं जड जातं, म्हणून चिकटवायचं काम नेहमी एखाद्या दुसऱ्या कामाच्या आधी ठेवावं.

घरातल्या अडगळीतलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात वेगवान खेळणं म्हणजे बटणाची भिंगरी. कोटाचं मोठं बटण आणि सव्वा मीटर मजबूत दोरा. दोरा एका भोकातून घालून दुसऱ्यातून परत आणायचा आणि टोकांना गाठ मारायची; बटणाला चार भोकं असतील तर तिरपी समोरासमोरची दोन घ्यायची. बटण मध्ये, दोन्ही हातांच्या बोटांत एकेक फास. बटणाला झोके देत दोऱ्याला पीळ भरायचा आणि मग हात बाहेर ओढायचे. इथंच बहुतेक मुलं अडतात, कारण ती ओढतात आणि ओढूनच धरतात. पीळ सुटताच हात सैल सोडले पाहिजेत, म्हणजे बटण आपल्याच वेगानं दोऱ्याला उलटा पीळ भरतं, मग पुन्हा ओढायचं. ओढ, सोड, ओढ, सोड. एकदा लय सापडली की बटण गुणगुणायला लागतं आणि हातांना दोरा लांब-आखूड होत असल्यासारखा वाटतो. ही लय शब्दांनी शिकवता येत नाही. मुलाचे हात आपल्या हातात धरून दोन-चार ओढी एकत्र घेतल्या की जमते. लवचीक दोरा घेतला तर ओढ त्यातच जिरते. बटणाऐवजी पुठ्ठ्याची चकती करायची तर आठ-दहा सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवायच्या आणि मध्यापासून सारख्या अंतरावर दोन भोकं पाडायची, एकमेकांपासून साधारण एक सेंटिमीटरवर. भोकं एका बाजूला सरकली तर चकती थरथरते, दोरा कापत जातो. डब्याची पत्र्याची झाकणं यासाठी कधीही वापरू नयेत. दोरा तुटला तर ती कुणाच्या तोंडावर जाईल याचा नेम नाही.

या खेळण्याला क्षुल्लक म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भिंगरीच्या तत्त्वावर कागदी चकत्या आणि दोरा वापरून हातानं चालणारं अपकेंद्री यंत्र, म्हणजे जोरात फिरवून द्रवातले जड-हलके भाग वेगळे करणारं यंत्र, तयार केलं आणि २०१७ साली त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत वेग त्यांनी मोजला, आणि रक्तातला द्रव भाग रक्तपेशींपासून दीडेक मिनिटात वेगळा करून दाखवला. विजेशिवाय. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा आणि त्यानंतर ते हातातल्या बटणाकडे कसं बघतं ते पाहा.

दोरा आणि चकती हाताशी आहेतच, तर आणखी एक. पुठ्ठ्याची सात-आठ सेंटिमीटरची चकती, एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी. डाव्या आणि उजव्या कडेला नेमक्या समोरासमोर दोन भोकं, त्यांत दोन रबरं अडकवायची, पीळ द्यायचा, ओढायचं. चकती भराभर उलटसुलट होते आणि पक्षी पिंजऱ्यात बसलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात, १८२०च्या दशकात हे खेळणं लंडनमध्ये गाजलं. चित्रं हलती दाखवणारी पुढची सगळी खेळणी त्याच्या मागून आली. मूल पहिल्यांदा करतं तेव्हा जवळजवळ हमखास पिंजरा सुलटा आणि पक्षी डोक्यावर उभा दिसतो. चकती आडव्या आसाभोवती फिरते, वरची कड खाली येते, त्यामुळे मागचं चित्र पुढच्याच्या उलटं काढावं लागतं. हे आधी सांगून टाकायचा मोह फार होतो. तो आवरावा. उलटा पक्षी पाहून मूल आधी खळखळून हसतं, मग चकती हळूहळू बोटांनी उलटून बघतं, वर काय येतं आणि खाली काय जातं ते तपासतं. त्या हळू फिरवण्यात जे कळतं ते सांगून कळत नाही. पक्षी पिंजऱ्याच्या मधोमध यावा म्हणून चकती खिडकीच्या काचेला लावून उजेडात दुसऱ्या बाजूची रेघ बघता येते. त्यासाठी पुठ्ठ्याऐवजी जाडसर चित्रकलेचा कागद घ्यावा. रेघा मात्र ठसठशीत हव्यात, पेन्सिलीची नाजूक कलाकुसर फिरताना विरून जाते.

हे सगळं वर्षभर कधीही करता येईल. उन्हाळ्याचंच असं एक काम आहे आणि ते माझं सगळ्यात लाडकं आहे: उन्हाकडून चित्र काढून घेणं.

वनस्पतींच्या रंगावर सूर्यप्रकाशानं चित्र उमटवण्याचे प्रयोग जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ साली प्रसिद्ध केले. तो फुलांचे रस वापरत होता आणि त्यांतल्या काहींना आठवडेच्या आठवडे ऊन द्यावं लागे. मुलांकडे तेवढा धीर नसतो, पण हळद घरात असते, आणि हळदीचा पिवळा रंग उन्हात भराभर उडतो. दोन चहाचे चमचे हळद अर्धा कप स्पिरिटमध्ये मिसळायची. हे काम मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब करायचं. पाण्यात मिसळून चालत नाही का, हा प्रश्न येणारच. हळदीतला रंग पाण्यात जवळपास विरघळत नाही, नुसता तरंगतो, आणि कागदावर फिकट, दाणेदार डाग पडतात. स्पिरिटमध्ये तो खरा विरघळतो. पाच-दहा मिनिटं मुरू दिलं की जुन्या सुती फडक्यातून गाळायचं आणि रुंद ब्रशनं जाडसर कागदावर एकसारखं ओढायचं. अंधाऱ्या खोलीत वाळवायचं, मग दुसरा हात. कागद आता गर्द पिवळा दिसतो.

त्यावर पानं ठेवायची. कुठली पानं, हा प्रश्न मुलांनीच सोडवावा असा आहे. जाड, फुगीर पानाची कड कागदाला टेकत नाही, तिच्या खाली तिरपा उजेड शिरतो आणि बाह्यरेषा धूसर होते. नेचे, गवताचे तुरे, कातरलेल्या कडेची पातळ पानं झकास उमटतात. ताजी पानं उन्हात कोमेजून हलतात, म्हणून आदल्या रात्री वहीत दाबून ठेवलेली घ्यावीत. पानांबरोबर किल्ली, कात्री, लेसचा तुकडा, पुठ्ठ्यातून कापलेली आकृती, उजेड अडवणारं काहीही चालतं. वर जुन्या फोटो फ्रेमची काच, खाली पुठ्ठा, चारही बाजूंना चिमटे. काच नसेल तर वारा सगळं चित्र घेऊन जातो. मग भर दुपारच्या उन्हात सूर्याकडे तोंड करून ठेवायचं. तासाभरात उघडा भाग फिकट होऊ लागतो, दोन ते चार तासांत पांढुरक्या कागदावर पिवळं पान उरतं. मधूनच काच उचलून बघायचा मोह पूर्ण चित्र घालवतो, कारण पान एकदा हललं की परत त्याच जागी बसत नाही. बघायचंच असेल तर एका कोपऱ्यात हळद लावलेल्या कागदाची वेगळी पट्टी ठेवावी, तिचा अर्धा भाग झाकून. पट्टी उचलून पाहावी आणि चित्राला हात लावू नये.

शेवटचा टप्पा तर मुलांना जादूच वाटतो. एक कप पाण्यात पाव चमचा धुण्याचा सोडा विरघळवून ते पाणी ब्रशनं हलक्या हातानं कागदावर फिरवलं की पिवळं पान डोळ्यांदेखत लालसर तपकिरी होतं. हळद अल्कधर्मी पदार्थाला भेटली की रंग बदलते. साबण लागल्यावर कपड्यावरचा हळदीचा डाग लाल होतो त्याचं कारण हेच. सोड्याच्या पाण्यात मुलांनी बोटं घालू नयेत, ब्रश पुरे. हे चित्र कायमचं टिकत नाही, हे मात्र मुलांना आधीच सांगावं. भिंतीवर लावलं तर ज्या उजेडानं ते काढलं तोच ते पुसून टाकतो. वहीत, बंद पाकिटात ठेवलं तर बरंच राहतं. एका मुलानं आपलं चित्र मुद्दाम खिडकीत टांगून ते किती दिवसांत जातं याची नोंद ठेवली, तर त्याच्या हातून चित्र बिघडलं असं मी म्हणणार नाही.

बुचांच्या चाकांची गाडी आता थोडक्यात, कारण तिच्यातला मुख्य बिघाड एकच आहे. चाकं आसाला, म्हणजे दोन बुचांना जोडणाऱ्या काडीला, घट्ट हवीत आणि हा आस ज्या नळीतून जातो तिच्यात तो मोकळा हवा. मुलं उत्साहानं दोन्हीकडे फेव्हिकॉल लावतात आणि गाडी स्लेजसारखी घसरत जाते. बुचाचा मध्य डोळ्यानं शोधू नये. बुचाभोवती कागदावर गोल काढून कापावा, दोनदा दुमडावा. जिथं घड्या एकमेकींना छेदतात तो मध्य. भोक तापवलेल्या सुईनं मोठ्यांनी पाडावं. गाडी वळत असेल तर दोन नळ्या एकमेकींना समांतर आहेत का ते वरून बघावं.

मोठ्यांचं काम खरं म्हणजे एवढंच: जे कापतं, जळतं, भाजतं ते आपल्या हातात ठेवायचं आणि बाकी हात मागे घ्यायचे. बोलायचं असेल तर वस्तूबद्दल विचारावं. काय फिरतंय? काय फिरायला हवं होतं? कुठं घासतंय? उत्तर माहीत असताना ते पोटात ठेवणं अवघड असतं, विशेषतः वेळ कमी असेल तेव्हा. अडगळीच्या डब्यात काय ठेवावं याचाही फार बाऊ नको. पण रबरं मात्र ताजी असावीत. उन्हाळ्याच्या उष्णतेत जुनी रबरं चिकट होतात किंवा ताणल्यावर तटकन तुटतात, आणि गाडी चालली नाही याचं खापर मूल स्वतःवर फोडून घेतं. डब्यात रबर टाकण्यापूर्वी एकदा ताणून बघावं, बारीक भेगा दिसल्या तर सरळ फेकून द्यावं.

आणि दुपार फारच शांत वाटायला लागली तर नळीची पिपाणी. पेय प्यायची मऊ प्लास्टिकची नळी, एक टोक दोन सेंटिमीटरपर्यंत बोटांनी दाबून सपाट करायचं आणि दोन तिरपे काप देऊन त्याला टोकदार करायचं, म्हणजे वर-खाली दोन जिभा तयार होतात. काप पूर्ण तोंडात जाईल इतकी नळी आत घ्यायची, ओठ हलके दाबायचे आणि जोरात फुंकायचं. पहिल्यांदा नुसती हवा जाते. जिभा फार उघड्या असल्या तर त्या एकमेकींवर आपटत नाहीत, पुन्हा नखानं दाबून सपाट कराव्या लागतात. ओठांनी जास्तच दाबल्या तर वाट बंद होते. कागदी नळी एक-दोन फुंकरींतच ओली होऊन गप्प बसते. आवाज लागला की दुसऱ्या कुणीतरी फुंकता फुंकता नळीचं लांबचं टोक कात्रीनं थोडं थोडं कापत जायचं, आणि सूर पायरीपायरीनं वर चढतो. लांबी निम्मी झाली की जवळपास एक सप्तक वर. कापून कापून नळी जिभांपाशी आली की ती टाकून दुसरी घ्यायची. या वेळी कापायची नाही. लांबच्या टोकाकडून अडीच-अडीच सेंटिमीटरवर नळी किंचित मुडपून कात्रीच्या टोकानं बारीक भोकं पाडायची, तीन पुरेत, आणि कुठलं भोक उघडलं की कुठला सूर निघतो ते ज्याचं त्यानं शोधायचं.